आधी नॉब फिरवा, मग पाना हातात घ्या

ॲडजस्टेबल शॉकअप बसवलेली गाडी आवाज करायला लागली की पहिला संशय शॉकअपवरच येतो. तसं होणं स्वाभाविक आहे. पैसे तिथेच खर्च झालेले असतात, काम नुकतंच झालेलं असतं आणि गॅरेजमध्ये कुणीतरी ‘कंपनीचेच ठेवायचे होते’ असं सुनावलेलं असतं. मग शॉकअप उतरवले जातात, नवी जोडी येते आणि कॉलनीच्या पहिल्याच गतिरोधकावर तीच ‘ठक’ पुन्हा ऐकू येते.

शॉकअप उतरवण्याची घाई करू नका, एवढंच माझं सांगणं आहे. अशा गाड्यांमधले बहुतांश आवाज शॉकअपच्या पोटातून येत नाहीत. शॉकअप गाडीला जिथे जोडलेला असतो तिथून ते येतात, नाहीतर शॉकअप बदलल्यामुळे शेजारच्या ज्या भागांचा कोन आणि ताण बदलला तिथून येतात. हे तपासायला साध्या शॉकअपच्या गाडीत नसलेली एक सोय तुमच्याकडे आहे, ती म्हणजे शॉकअपवरचा नॉब. एकही नट न उघडता सस्पेन्शनमधली फक्त एक गोष्ट बदलायची आणि आवाजाचं काय होतं ते ऐकायचं, हे त्या नॉबमुळे शक्य होतं.

आपल्याकडे नेमकं काय आहे

‘ॲडजस्टेबल’ या एका नावाखाली बाजारात बरंच काही विकलं जातं. काही कॉइलओव्हरमध्ये, म्हणजे स्प्रिंग अंगावरच बसवलेल्या शॉकअपमध्ये, फक्त उंची बदलते. नळीवर आटे असतात, त्यावर स्प्रिंगची बैठक आणि तिच्याखाली लॉक-रिंग असते, पण नॉब नसतो. काही शॉकअपमध्ये स्प्रिंग गाडीची मूळचीच राहते आणि फक्त अवरोध कमी-जास्त होतो. कोनीचे पिवळे स्पोर्ट शॉकअप या प्रकारातले. त्यात फिरवल्यावर बदलतो तो रिबाउंड, म्हणजे दाबली गेलेली स्प्रिंग परत सुटताना होणारा विरोध. केडब्ल्यूच्या व्हेरिएंट २ मध्ये उंचीबरोबर रिबाउंड बदलता येतो, तर व्हेरिएंट ३ मध्ये रिबाउंड आणि कॉम्प्रेशन, म्हणजे स्प्रिंग दबताना होणारा विरोध, वेगवेगळे लावता येतात. बीसी रेसिंगच्या बीआर मालिकेत ३० टप्पे असतात आणि एकाच नॉबने दोन्ही दिशांचा अवरोध एकदम बदलतो. ऑफरोड गाड्यांना लागणाऱ्या रँचोच्या आरएस ९००० एक्सएलला नळीच्या अंगावरच ९ टप्प्यांचा नॉब असतो. टाइनची ईडीएफसी यंत्रणा असेल तर छोट्या मोटरी नॉबचं काम करतात आणि तुम्ही सीटवर बसल्या बसल्या सेटिंग बदलता. आवाज शोधायला याहून सोयीचं दुसरं काही नाही.

कोनीच्या काही शॉकअपना मात्र बाहेर नॉबच नसतो. शॉकअप गाडीतून काढायचा, दांडा पूर्ण आत दाबायचा आणि आतल्या खाचेत अडकवून फिरवायचा, अशी त्यांची पद्धत असते. त्यांच्यावर आणि फक्त उंची बदलणाऱ्या कॉइलओव्हरवर पुढची नॉब-चाचणी करता येणार नाही. बाकीचं सगळं त्यांनाही लागू आहे.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या. आपल्याकडच्या पोलो, स्विफ्ट, आय-२० यांसारख्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याची ही रचना १९५० मध्ये ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सलवर आली आणि कमी जागेत, कमी भागांत बसत असल्यामुळे जगभर पसरली. तिच्यात शॉकअप नुसता हादरा जिरवत नाही. तोच चाक उभं धरतो आणि स्टेअरिंगबरोबर स्वतःही फिरतो. त्यामुळे पुढच्या शॉकअपच्या डोक्यावरचा माउंट आणि त्यातलं बेअरिंग यांवर दुहेरी काम पडतं, आणि आवाजाचे अर्धे धागे तिथेच जाऊन मिळतात. मागे या गाड्यांना आडवा बीम असतो. तिथे शॉकअपला स्टेअरिंगशी देणंघेणं नसतं, म्हणून मागचे आवाज शोधायला सोपे जातात.

आवाज पकडायचा कसा

शोध सुरू करण्यापूर्वी डिकी रिकामी करा. जॅक, हत्यारांची पिशवी, पाण्याचे कॅन, देवळातून आणलेला नारळ, सगळं बाहेर. स्टेपनीचा बोल्ट आवळा, मागच्या काचेखालचा ट्रे काढून ठेवा, मागच्या सीटच्या पट्ट्यांची बकलं अडकवून टाका. हे बाळबोध वाटेल, पण मागच्या शॉकअपचा म्हणून आणलेला आवाज स्टेपनीखालच्या जॅकचा निघतो, असं गॅरेजात नेहमी घडतं.

मग घराजवळचा एक रस्ता ठरवा. पेव्हर ब्लॉकचा थोडा भाग, एखादा बसका खड्डा आणि एक नीट बांधलेला गतिरोधक एवढं त्यावर असलं की पुरे. दर चाचणीला हाच रस्ता, हाच वेग आणि गाडीत तेवढीच माणसं. रस्ता बदलला की तुलना संपली. काचा वर, एसी बंद, गाणी बंद. शक्य असेल तर सोबतच्याला मागे बसवा आणि आवाज डावीकडून की उजवीकडून हे त्याला सांगू द्या. चालवणाऱ्याला बाजू नेहमी नीट कळत नाही, कारण पुढचा आवाज फायरवॉलमधून पसरून येतो.

आता गतिरोधक. तो आधी सरळ ओलांडा, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकदम चढतील आणि एकदम उतरतील. मग गाडी तिरकी घेऊन एकेक चाक चढवा. सरळ जाताना स्टॅबिलायझर बारला, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, पीळ पडत नाही, तो आपल्या बुशांमध्ये नुसता फिरतो. तिरकं जाताना एक टोक वर, एक खाली, असा पीळ पडतो आणि तो सगळा जोर बारच्या टोकांना जोडलेल्या लिंक रॉडच्या सांध्यांवर येतो. सरळ जाताना शांत आणि तिरकं जाताना खडखड, असं असेल तर शॉकअपकडे बघायच्या आधी लिंक रॉड बघा. दोन्ही वेळा सारखाच आवाज येत असेल तर संशय शॉकअपचे माउंट, स्प्रिंग आणि बंप स्टॉप (सस्पेन्शन शेवटापर्यंत दबल्यावर ज्यावर टेकतं तो ठोकळा) यांच्याकडे वळतो.

पेव्हर ब्लॉकवरून जाताना डाव्या पायाने नव्हे, उजव्याच पायाने, ब्रेक अगदी हलका दाबून धरा. खडखड तेवढ्यापुरती थांबली तर ती सस्पेन्शनची नाहीच. कॅलिपरमधले ब्रेक पॅड किंवा कॅलिपरच्या पिना ढिल्या आहेत. ही चाचणी अर्ध्या मिनिटात होते आणि हजारो रुपयांचा चुकीचा खर्च टाळते.

नंतर मोकळ्या जागेत गाडी चालण्याच्या वेगाने पुढे घ्या आणि ब्रेक मारा, मागे घ्या आणि पुन्हा ब्रेक मारा. दिशा बदलताना एकदाच ‘धप्’ असा आवाज आला तर लोअर आर्मचा मागचा बुश किंवा सबफ्रेमचा बोल्ट पाहावा लागेल. वळताना एक्सिलरेटर दिल्यावर ‘कट-कट-कट’ असा चाकाच्या गतीने वाढणारा आवाज आला तर तो ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्याचा असतो. त्यासाठी शॉकअपला हात लावायचं काहीच कारण नाही.

नॉबची चाचणी

सुरुवात कागद-पेनाने करा. प्रत्येक शॉकअपचा नॉब हळूहळू पूर्ण कडक बाजूला नेताना किती क्लिक लागले ते मोजा आणि लिहून ठेवा. हेच तुमचं मूळ सेटिंग. कडक बाजू कोणती हे कंपनीच्या पत्रकात दिलेलं असतं, बहुधा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. नॉब बोटांनीच फिरवायचा. पक्कड लावली की आतली बारीक सुई शेवटाला रुतते आणि धडधाकट शॉकअप निकामी होतो. मोजतानाच एखाद्या बाजूला क्लिक कमी लागले, नॉब गरगर फिरला किंवा अजिबात हलला नाही, तर निदानाचा पहिला धागा तिथेच सापडला.

आता चारही शॉकअप पूर्ण मऊ करून ठरलेल्या रस्त्यावरून ताशी २० ते ३० किलोमीटरने जा. मग चारही पूर्ण कडक करून तसंच जा. या दोन टोकांच्या सेटिंगवर महामार्गावर जाऊ नका, ही फक्त चाचणी आहे.

दोन्ही वेळा आवाज अगदी सारखाच आला तर शॉकअपच्या आतल्या झडपा निर्दोष समजायला हरकत नाही. लिंक रॉड, बॉल जॉइंट, आर्मचे बुश, स्टेअरिंग रॅक यांच्याकडे जा.

कडक केल्यावर आवाज वाढला, जास्त कोरडा आणि टणक झाला, तर शॉकअपची टोकं बघा. वरचा नट, माउंटचं रबर, खालचा बोल्ट. यामागचं कारण समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. शॉकअप जितका कडक, तितका त्याच्यातून जाणारा जोर जास्त आणि तो जोर या टोकांवरूनच बॉडीत जातो. मऊ शॉकअपवर जी फट गप्प बसते ती कडक शॉकअपवर बोलायला लागते. फक्त रिबाउंड बदलणारा शॉकअप असेल आणि चाक खड्ड्यात उतरताना ‘ठक’ होत असेल, तर वरच्या नटावर संशय जवळजवळ पक्का. चाक खाली जाताना दांडा माउंटला खाली खेचतो आणि नटाखालची फट तेवढ्यात मिटते.

मऊ केल्यावर एक खोल, जड ‘धब्’ येऊ लागला तर सस्पेन्शन शेवटापर्यंत दबून बंप स्टॉपवर आपटतंय. खाली बसवलेल्या गाडीत हे हमखास होतं, कारण उंची कमी केली म्हणजे दाबायला उरलेलं अंतरही कमी झालं. बऱ्याच वेळा बंप स्टॉप जुनाच, तुटलेला किंवा बसवतानाच विसरलेला असतो. दांड्यावरचं रबरी कव्हर वर सरकवलं की तो दिसतो.

उलट, रिबाउंड खूप कडक असताना सलग खडबडीत रस्त्यावर सुरुवातीचे हादरे शांत जातात आणि मग धबधब सुरू होते. ही खूण ओळखायला शिका. चाक एका उंचवट्यावरून परत खाली यायच्या आत पुढचा उंचवटा येतो, स्प्रिंग पूर्ण सुटत नाही, गाडी पायरी-पायरीने खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर टेकते. इथे तुटलेलं काहीच नसतं. रिबाउंड काही क्लिक मऊ केला की आवाज जातो. ट्रॅकवरचं सेटिंग ठेवून पावसाळ्यात वरंधा किंवा ताम्हिणी घाटात शिरलेल्या गाड्यांची ही तक्रार असते.

यानंतर, अजून बाजू ठरत नसेल तरच, फक्त डावा पुढचा कडक आणि उजवा मऊ ठेवून त्याच रस्त्यावर अगदी सावकाश एक फेरी मारा, मग उलट करा. मोकळ्या रस्त्यावर, वळण न घेता, आणि फेरी संपताच दोन्ही बाजू सारख्या. आवाज ज्या बाजूच्या नॉबबरोबर बदलतो ती बाजू तुमची.

एका आवाजाने घाबरू नका. हळू वेगात ‘फुस्स-फुस्स’ असा, तेल बारीक छिद्रातून जाताना होणारा आवाज अनेक चांगल्या शॉकअपना असतो आणि कडक केल्यावर तो जरा स्पष्ट ऐकू येतो. दोन्ही बाजूंना सारखा असेल तर तो बिघाड नाही.

घट्ट नट आणि ढिला माउंट

माझ्या एका मित्राच्या हॅचबॅकला कॉइलओव्हर बसवल्यापासून डाव्या बाजूला पुढे बारीक ‘टक’ येत होती. पेव्हर ब्लॉकवर चालण्याच्या वेगात स्पष्ट, वेग वाढला की गायब. बसवणाऱ्या गॅरेजने वरचा नट पुन्हा पुन्हा आवळून दिला होता. आम्ही नॉब कडक केला तसा आवाज वाढला. मग बॉनेट उघडलं, मित्र डाव्या मडगार्डवर जोर देऊन गाडी हलवत राहिला आणि मी एक बोट दांड्याच्या टोकावर, दुसरं माउंटच्या पत्र्यावर असं दोन्हींना एकदम टेकवून धरलं. कानाला काही कळायच्या आधी बोटाला कळलं. पत्रा स्थिर होता आणि दांडा त्याच्यात केसभर वर-खाली सरकत होता. नट खरोखर घट्ट होता, पण तो दांड्यावरच्या आट्यांच्या शेवटाला टेकून घट्ट झाला होता. त्याच्या आणि माउंटच्या मध्ये जी कडी यायला हवी होती ती जुन्या शॉकअपबरोबरच गेली होती. योग्य मापाची कडी बसवली आणि आवाज संपला.

हा दोष फार वेळा सापडतो, म्हणून बारकाईने सांगितला. जुना माउंट, नवा शॉकअप आणि मधल्या वॉशर-कड्या कुठल्यातरी तिसऱ्याच, अशी जुळणी केली की पाना घट्ट लागतो आणि सांधा ढिला राहतो. सुटे भाग काढताना कोणता वॉशर कशाच्या वर होता याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर पुढचा ताप वाचतो.

वरच्या नटाबाबत तीन गोष्टींना मी ठाम नकार देतो. इम्पॅक्ट गन लावू नका. वर नॉब असलेल्या ॲडजस्टेबल शॉकअपचा दांडा आतून पोकळ असतो, त्यातून सेटिंगची सुई जाते, आणि गनने दांडा गरगरला की आतलं पिस्टन आणि सुई दोन्हींना इजा होऊ शकते. दांड्याच्या डोक्यात ॲलन की अडकवून तो स्थिर धरायचा आणि नट हाताच्या पान्याने, शेवटी टॉर्क पान्याने, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मापापर्यंत आवळायचा. दांड्याच्या चकचकीत भागाला पक्कड लावणं तर नकोच. एक ओरखडा पडला की दर हालचालीला तो सील कापत जातो. आणि स्प्रिंग कंप्रेसरने आवळून धरल्याशिवाय वरचा मधला नट कधीही सोडू नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतू शकतं.

काही कॉइलओव्हरमध्ये वर रबराऐवजी पिलोबॉल, म्हणजे उघडा गोलाकार धातूचा सांधा असतो. स्टेअरिंगला तो छान नेमकेपणा देतो, पण रबराची ढाल नसल्यामुळे धूळ आणि पावसाचं पाणी थेट आत जातं. थोडी झीज झाली की तो खडखडतो आणि त्याला बदलण्याशिवाय इलाज नाही. रोज गावात, खडीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला मी रबरी माउंटच सुचवतो.

स्प्रिंगची बैठक

गाडी उभी असताना कुणाला तरी स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा आणि तुमचा तळहात स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला टेकवून ठेवा. वेटोळ्यांच्या मध्ये बोटं घालायची नाहीत. निरोगी स्प्रिंग चाकाबरोबर एकसारखी फिरते. वरचं बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंगला आधी पीळ भरल्याचं जाणवतं आणि मग ‘टंग्’ करून ती झटक्याने सुटते. पार्किंगमध्ये ऐकू येणारा हाच तो आवाज. बेअरिंग खराब असेल, उलटं बसलं असेल किंवा स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत न बसता तिच्या कडेवर चढलं असेल.

दुसरी तपासणी चाक हवेत असताना. गाडी जॅकवर उचलून घोडीवर टेकवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. चाक पूर्ण लोंबकळू द्या आणि स्प्रिंग हाताने हलवून बघा. ती बैठकीत सैल हलत असेल, तर रस्त्यावरही एखादं चाक खोल खड्ड्यात लोंबकळतं तेव्हा ती सुटते आणि परत बसताना ‘ट्टण’ वाजते. छोट्या, कडक स्प्रिंगच्या कॉइलओव्हरमध्ये उंची फार उतरवली की असं होतं. उपाय म्हणजे बैठक थोडी वर घेऊन स्प्रिंगला किंचित ताण देणं, किंवा तिच्याबरोबर मऊ हेल्पर स्प्रिंग बसवणं. ज्या कॉइलओव्हरमध्ये खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो, त्यांची उंची ब्रॅकेटने बदलायची, म्हणजे स्प्रिंगचा ताण बिघडत नाही.

लॉक-रिंग सुटली आहे का हे पाहायला सोपी युक्ती म्हणजे रंगाची रेघ. सी-पान्याने रिंग आवळल्यावर रिंग आणि नळी या दोन्हींवर मिळून एक सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर रिंग फिरली. आडव्या बीमच्या गाडीत मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी असते आणि तिच्या वर-खाली रबरी गाद्या असतात. कॉइलओव्हर बसवताना उंचीचा स्क्रू मध्ये घालायला यातली एखादी गादी काढून टाकलेली आढळते. मग धातूवर धातू घासून करकर सुरू होते.

शेजारच्या भागांची तपासणी

लिंक रॉड तपासण्यात एक चूक सर्रास होते. एकच चाक जॅकवर उचलून रॉड हलवला जातो आणि ‘टाइट आहे’ असं जाहीर होतं. एक चाक वर असताना बारला पीळ पडलेला असतो, त्या ताणाने सांध्यातला प्ले झाकला जातो. दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून, गाडी पिटवर किंवा चार खांबांच्या लिफ्टवर घेऊन रॉड हाताने जोरात हलवा. तरीही शंका राहिली तर दोन्ही बाजूंचे रॉड तात्पुरते काढून त्याच रस्त्यावर सावकाश एक फेरी मारा. गाडी वळणावर जास्त झुकेल हे लक्षात ठेवा. आवाज गेला तर चोर सापडला. खूप खाली घेतलेल्या गाडीत मूळच्या लांबीचा रॉड वाकडा कोन करतो आणि बार आर्मला किंवा शाफ्टला टेकू लागतो. तिथे कमी-जास्त लांबीचे रॉड घालावे लागतात.

आर्मच्या रबरी बुशांचं गणित वेगळं आहे. त्यातलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर बुश त्याच स्थितीत पकडला जातो आणि गाडी जमिनीवर आली की कायमचा पिळलेला राहतो. मग कुरकुर येते आणि रबर लवकर फाटतं. उंची बदलल्यावरही हे बोल्ट सैल करून, गाडीचं वजन चाकांवर असताना पुन्हा आवळले पाहिजेत. ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, तुम्ही समोर उभं राहून करून घ्या.

कुरकुर कोणत्या बुशाची हे ठरत नसेल तर बाटलीने एकेका बुशावर पाणी मारा आणि दरवेळी गाडी हलवून ऐका. ज्याला पाणी लागल्यावर आवाज थोडा वेळ थांबतो तो दोषी. तिथे इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगून मऊ पडतं. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर त्यांच्यासाठीचं सिलिकॉन ग्रीस आतून भरावं लागतं.

बॉल जॉइंट आणि टाय रॉडचं टोक यांत प्ले सापडला तर पुढची कोणतीही चाचणी करत बसू नका. बॉल जॉइंट निखळला तर चाक बाहेर वळून गाडी जागेवर बसते. तुटलेल्या स्प्रिंगचंही तसंच, तिचं टोक टायर फाडू शकतं. अशी गाडी टोइंग करून न्या.

शॉकअपच दोषी असेल तर

एवढं करून संशय शॉकअपवरच स्थिरावला, तर तो काढून हातात घ्या. अंगावर तेलाचा हलका ओलसर थर आणि त्यावर धूळ एवढंच असेल तर काळजी नको. तेलाचे ओघळ खालपर्यंत आले असतील तर सील गेला. शॉकअप उभा धरून दांडा सावकाश पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर न्या. सगळ्या अंतरात विरोध एकसारखा लागला पाहिजे. दिशा बदलताना सुरुवातीला काही मिलिमीटर दांडा पोकळीत गेल्यासारखा मोकळा सरकला, तर आत हवा आहे किंवा तेल कमी झालंय. कडक केल्यावरही हाताला फरक जाणवला नाही, तर झडप किंवा सेटिंगची सुई गेली.

दोन नळ्यांचा शॉकअप आडवा पडून आला असेल तर आतल्या नळीत हवा शिरलेली असते आणि बसवल्यावर तो ‘टक-टक’ करतो. बसवण्यापूर्वी उभा धरून काही वेळा पूर्ण आत-बाहेर केला की हवा आपल्या जागी जाते. एका नळीच्या, म्हणजे मोनोट्यूब शॉकअपमध्ये वायू आणि तेल यांच्यात तरंगतं पिस्टन असतं, त्याला याची गरज नसते. जुन्या स्ट्रटच्या नळीत नवा इन्सर्ट घालून बनवलेला ॲडजस्टेबल स्ट्रट असेल, तर आधी नळीच्या तोंडावरचा मोठा नट किंवा तळाचा बोल्ट तपासा. तो ढिला असेल तर इन्सर्ट आत हलतो आणि आवाज अगदी आतून आल्यासारखा वाटतो.

शॉकअपमध्ये हाताला येईल ते तेल भरून ‘रिपेअर’ करणाऱ्यांकडे ॲडजस्टेबल शॉकअप देऊ नका. तेलाचा दाटपणा (व्हिस्कॉसिटी) आणि नायट्रोजनचा दाब यांवरच प्रत्येक क्लिकचं मोल ठरतं. ज्या कंपन्यांचे शॉकअप उघडून दुरुस्त करता येतात, त्यांच्या अधिकृत सर्व्हिसकडेच पाठवा आणि एका ॲक्सलवरचे दोन्ही एकदम करून घ्या.

काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करा, नॉब लिहून ठेवलेल्या क्लिकवर आणा आणि त्याच रस्त्यावरून पुन्हा जा. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सगळे नट एकदा टॉर्क पान्याने तपासा. पावसाळ्यात, आणि कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी वर्षभर, महिन्यातून एकदा प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून परत जागेवर आणावा आणि आट्यांवरचा चिखल पाण्याने धुऊन काढावा. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमची रिंग एकदा धरली की नंतर सी-पानाही तिला हलवत नाही.